घरच्या माणसाची झोळी

पोलादपूरच्या वर डोंगरात एक बौद्धवाडी आहे. बुद्धरत्न हा तिथल्या तरुण मंडळाचा पहिला अध्यक्ष. मंडळ काढलं तेव्हा पोरांना जयंतीची मिरवणूक दणक्यात काढायची होती, बाकी काही नाही. समाजसेवा हा शब्द पावतीपुस्तकावर बरा दिसतो म्हणून छापलेला! पण वाडीला गाडीरस्ता नाही. आजाऱ्याला घोंगडीच्या झोळीत घालायचं, झोळी बांबूला बांधायची आणि दोघांनी खांद्यावरून खाली डांबरी रस्त्यापर्यंत न्यायची. हे काम आपोआप मंडळाच्या गळ्यात पडलं.

त्यात नियम एकच, तोही बुद्धरत्नानेच घातलेला. घरचं माणूस झोळीत असलं की पोराने बांबू धरायचा नाही. वडलांना उतरवताना मागचं टोक याच्या खांद्यावर होतं. आजाऱ्याचं डोकं मागे असतं, म्हणजे तोंड अगदी डोळ्यांखाली. हा वाट सोडून वडलांच्या तोंडाकडे बघत राहिला आणि घसरला. वडील दगडावर आपटले, ते वाचले नाहीत. दुखणं आधीच हाताबाहेर गेलं होतं, असं सगळ्यांनी समजावलं. त्याच्या मनातून ते कधी गेलं नाही.

यंदा भर पावसाळ्यात त्याची आई, चंपाबाई, दम्याने बेजार झाली. मंडळाची पोरं महाडला एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेली. वाडीत उरली दोघंच, आताची अध्यक्ष निशा आणि ओंकार. त्यांनी झोळी उचलली. बुद्धरत्न आईच्या चपला हातात घेऊन मागे. माजी अध्यक्षाला एवढंच काम उरतं, असं एरवी तो स्वतःच हसून म्हणाला असता. आज त्याचा जीव टांगणीला लागला होता.

निम्म्या उतारावर ओंकारचा पाय मुरगळला. टेकवेचना. झोळी खाली ठेवून निशा म्हणाली, "दादा, नियम ऱ्हाऊ दे. मागचा बांबू घ्या."

"मला नाय जमायचं गो. मी परत पाडीन."

चंपाबाईने हे ऐकलं. तिला बोलवत नव्हतं. तिने फक्त पदर ओढून घेतला, कपाळावरून पार हनुवटीखाली. असं तोंड कुणाचं झाकतात, हे काय बुद्धरत्नाला ठाऊक नव्हतं? पण आईने कशासाठी झाकलंय तेही कळलं. त्याने बांबू खांद्यावर घेतला.

मग नजर पायाखाली. शेवाळलेला दगड, मुळी, परत दगड. आई खोकत होती आणि प्रत्येक खोकल्याला झोळी हिंदकळत होती, तरी त्याला तो खोकला हवासा वाटत होता. ओढ्याजवळच्या घसरड्या उतारावर खोकला बंद झाला. एकदाच पदराकडे बघावं, श्वासाने हलतोय का तेवढं बघावं, असं त्याला फार झालं. नाही बघितलं. निशाच्या टाचांवर डोळे रोखून उतरत राहिला.

रस्त्यावर रुग्णवाहिकेपाशी झोळी टेकली. पदर काढायला त्याचा हात धजेना, तो निशानेच काढला. चंपाबाई घामाने डबडबलेली, ओठ काळवंडलेले. पदराचं टोक तिने दातांत घट्ट धरलं होतं, खोकला दाबायला. ते सोडवून घेत तिने लेकाला शोधलं आणि कशीबशी म्हणाली,

"आता बघ रे."