सांडलेलं सोनं

पेणच्या सराफ आळीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. गाळ धुणारी एक बाई रोज सकाळी समोरच्या सोनारांच्या गटारातला गाळ उपसून न्यायची. सोनारकामात उडालेले सोन्याचे कण त्या गाळात असतात, धुतले की हाती लागतात. डोलवीकडच्या जमिनी कारखान्याला विकून लोकांच्या हाती पैसा आला तेव्हा जो तो दागिने घडवायला धावला, आणि नदीकाठी गाळ धुणाऱ्यांच्या झोपड्यांची वस्तीच उभी राहिली.

तिला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. बोलतानाही बोटं पाटीतला गाळ चाचपत असायची. मी खेकसायचे, "आटप गो लवकर, वास सुटलाय!" ती नुसती हसायची.

मग घडवणारे सोनार गेले, काचेच्या शोरूम आल्या, दागिने बाहेरून तयार येऊ लागले. नदीकाठची एकेक झोपडी उठली. शेवटी ती एकटी उरली. एकदा शोरूमकडे बघत म्हणाली, "सोनं लय हाय गो बाय, पण सांडत नाय." त्यानंतर तीही दिसली नाही.

परवा माझ्या कुडीची फिरकी गटारात पडली. हात घालवेना, म्हणून तासभर काठीनं गाळ ढवळत राहिले. शेवटी शोरूमचा वॉचमन ओरडला, "आटपा हो बाई लवकर, वास सुटलाय!"