पेपर गोळा झाल्यावर

"माणूस सोन्यासारखा होता गं. पण गेला नरकातच."

हे वाक्य आमच्या स्वयंपाकघरातून आलं. आत मावशी कांदा चिरत होत्या आणि शेजारच्या बाईंना, काकडी कडू निघाली हे सांगावं तितक्या सहज, हे सांगत होत्या. मी दाराबाहेर उष्ट्या कपांचा ट्रे घेऊन उभी. सोन्यासारखा माणूस म्हणजे माझे पप्पा. त्यांना जाऊन वर्ष झालं म्हणून घरी प्रार्थना ठेवली होती, आणि आलेल्या सगळ्यांना पोहे मिळावेत म्हणून मावशी सकाळपासून आमच्याकडे राबत होत्या. कढई स्वतःची आणली होती, कारण आमच्या कढईवर त्यांचा विश्वास नाही.

मी ट्रे जमिनीवर ठेवला, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मी इंग्रजी माध्यमातली. भांडायची वेळ आली की माझ्याकडे दोन भाषा असतात आणि दोन्हींपैकी एकही वेळेवर येत नाही. बाहेर आले तेव्हा मावशींनी माझ्या हातात पोह्यांची बशी दिली. वर खोबरं जास्त घातलेलं, कारण मला खोबरं आवडतं हे त्यांना माहीत आहे. ती बशी भिंतीवर आपटावी असं मला वाटलं. मी पोहे खाल्ले. चांगले झाले होते, आणि त्याचा राग वेगळाच आला.

आमच्या मजल्यावरच्या या मावशींइतकी प्रेमळ आणि त्यांच्याइतकी संताप आणणारी बाई अख्ख्या नवी मुंबईत दुसरी नसेल. नात्याने त्या आमच्या कुणी नाहीत. आम्ही ऐरोलीत राहायला आलो त्या दिवशी समोरच्या दारातून त्या थेट आत आल्या आणि खोकी उघडत बसलेल्या मम्मीला त्यांनी विचारलं, "तुमचं तारण झालंय का?" मम्मी म्हणाली, "अहो, अजून पंखेसुद्धा लागले नाहीत." त्यावर मावशी म्हणाल्या, "पंखे नंतर." मग पदर खोचून त्यांनी आमची सगळी भांडी घासून मांडून दिली, आणि रविवारी आम्हाला रबाळ्याला त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, घेऊन गेल्या. एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर ही मंडळी भरते. रविवारी मशीन बंद असतात, पण खळीचा वास बंद होत नाही. मला आजही तो वास आला की देव जवळपास असल्यासारखं वाटतं.

मावशी महापालिकेच्या शाळेतून बाई म्हणून निवृत्त झाल्या, पण निवृत्ती त्यांनी मनावर घेतलेली नाही. मंडळीत ज्यांना बाप्तिस्मा घ्यायचा असतो त्यांचा वर्ग त्या घेतात. विश्वासाची कलमं तोंडपाठ करून घेतात, उभं करून म्हणायला लावतात, आणि प्रत्येक कलमाला घरातलं उदाहरण देतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तिघे असूनही एक कसे, हे सांगायला त्या वर्गात कुकर घेऊन येतात. तीन डबे, एक कुकर, एक शिट्टी. खालच्या डब्यात वरण, मधल्यात भात, वरच्यात बटाटे. एकदा खांदेश्वरहून येणाऱ्या एका डिलिव्हरीवाल्याने हात वर करून विचारलं, "मावशी, यात बटाटा कोण?" मावशींनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. सुटल्यावर कुकर उघडून पहिलं ताट त्यालाच वाढलं, बटाट्यासकट.

आपल्या चांगल्या कामांनी कुणाचं तारण होत नाही, ते फुकटच मिळतं, या कलमाला त्यांचं उदाहरण लिफ्टचं. "जिने चढून कुणी स्वर्गात जात नाही. लिफ्टमध्ये उभं राहायचं, बस. लिफ्ट वर नेते. तुम्ही आत उड्या मारल्यात म्हणून ती लवकर पोचते का?" हे सांगणारी बाई आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली तेव्हा पाचव्या मजल्यावरच्या एकट्या आजोबांचं दूध, भाजी, औषधं रोज स्वतः जिना चढून पोचवत होती. गुडघे धरून, प्रत्येक मजल्यावर सेक्रेटरीला शिव्या घालत. शिव्या म्हणजे मावशींच्या शिव्या. "पश्चात्ताप कर म्हणावं त्याला" ही त्यातली सगळ्यात जहाल.

प्रभू कुठल्याही क्षणी परत येणार आणि आपल्या लोकांना घेऊन जाणार, यावर त्यांचा इतका विश्वास आहे की फ्रिजमध्ये त्या रात्रीचं काही ठेवत नाहीत. मागे घाण नको. पण लोणचं मात्र वर्षभराचं घालतात. मी एकदा धीर करून विचारलं, "मावशी, प्रभू येणार तर एवढं लोणचं कशाला?" त्यांनी माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलीकडे बघावं तसं बघितलं. "अगं, आम्ही गेल्यावर जे मागे राहतील ते काय कोरडा भात खातील?"

मी तेव्हा हसले होते. आता हसू येत नव्हतं.

कारण मावशींच्या हिशेबात पप्पा मागे राहणाऱ्यांतले होते. पप्पा जन्माने ख्रिस्तीच. नगरकडच्या आमच्या गावी, तान्हे असताना, कपाळावर पाणी शिंपडून त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. मावशींच्या मंडळीत तो धरत नाहीत. माणसाने कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने कबूल करून, पूर्ण पाण्यात बुडून घेतला तोच बाप्तिस्मा. पप्पा आम्हाला दर रविवारी स्कूटरवरून रबाळ्याला आणून सोडायचे आणि खाली कारखान्याच्या गेटपाशी, बदामाच्या झाडाखाली, स्कूटरवर पेपर वाचत बसायचे. वर यायचे नाहीत. मला वाटतं त्यांना गाण्यांच्या वेळी टाळ्या वाजवायची भीती वाटायची. मीही वाजवत नाही, नुसते हात जुळवून हलवते. उपासना चालू असताना मध्येच मावशी चहाचा कप आणि दोन बिस्किटं घेऊन खाली जायच्या, आणि त्यांचा संवाद खिडकीतून मला ऐकू यायचा.

"भाऊ, आत या ना."

"इथे ऐकू येतं सगळं."

"ऐकून काय होतं? बाप्तिस्मा घ्या."

"माझा झालाय."

"तुम्ही झोपला होतात तेव्हा! झोपेत केलेली सही चालते का?"

"मला जागं केलं नाही, हा माझा गुन्हा का?"

मग मावशी हसायच्या, पप्पा हसायचे, आणि पप्पा म्हणायचे, "पुढच्या रविवारी बघू." वर्षानुवर्षं हेच. पप्पा आजारी पडले तेव्हा मावशी हॉस्पिटलात मम्मीच्या बरोबरीने बसल्या. पेज करून आणली, चमच्याने भरवली, वॉर्डबॉयला अभ्यास न केलेल्या पोरासारखं झापलं, आणि रोज निघताना पप्पांच्या कानाशी वाकून तोच प्रश्न विचारला. पप्पा त्या अवस्थेतही म्हणाले, "पुढच्या रविवारी." ते गुरुवारी गेले.

प्रेत घरी आणलं तेव्हा आमच्याकडे सगळं मावशींनीच बघितलं. आणि मंडळीतल्या एका नवीन बाईंनी पप्पांच्या आत्म्याला शांती मिळो अशी प्रार्थना सुरू केली तेव्हा त्यांना मध्येच थांबवलंही मावशींनीच. "मेलेल्यासाठी प्रार्थना करत नाहीत आपल्यात. माणूस गेला की पेपर गोळा झाला. मागाहून कुणी उत्तर लिहीत नाही. घरच्यांसाठी करा." त्या बाई घरच्यांसाठी मागू लागल्या. मम्मीने ते ऐकलं, आणि त्यानंतर तिने कधीही, कुणासमोरही, पप्पांसाठी काही मागितलं नाही. फक्त रविवारी मंडळीतून निघताना ती बदामाच्या झाडाखाली जरा थांबायची. चप्पल नीट करतेय असं दाखवायची.

तर या मावशींच्या वर्गात बसून मी कलमं पाठ केली होती. माझा विश्वास आहे. तो मला कुणी पाजलेला नाही, आणि तो सोडायचा माझा विचारही नव्हता. बाप्तिस्मा पुढच्या रविवारी ठरला होता. पण पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांसमोर मावशी कलमांचे प्रश्न विचारणार होत्या आणि मला प्रत्येकाला "होय, मी विश्वास ठेवते" म्हणायचं होतं. त्यातला शेवटचा प्रश्न होता, नवा जन्म न पावता, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल न करता, जे मेले त्यांचा सार्वकालिक नाश झाला असं तू मानतेस का. इतके दिवस तो नुसता पाठ केलेला धडा होता. पोह्यांच्या दिवसानंतर त्या प्रश्नात पप्पा दिसायला लागले, स्कूटरवर बसलेले. मी "होय" म्हणाले की माझ्या तोंडानेच त्यांना तिकडे पाठवल्यासारखं होणार होतं, आणि तेही मम्मीच्या देखत.

तो आठवडा मी रागात काढला. मावशींनी दारावर डबा अडकवला तर मी तो न उघडता परत अडकवला. लिफ्टमध्ये भेटल्या तर फोनकडे बघत राहिले. "पोरी, ॲसिडिटी झालीय का?" त्यांनी विचारलं. मला ओरडायचं होतं की मावशी, तुम्ही ज्याला पेज भरवलीत त्याला तुम्ही नरकात बसवून आलात आणि वर कांदाही बारीक चिरलात. मी म्हणाले, "थोडी."

आमच्या मंडळीतल्या बायकांची पहाटे फोनवर प्रार्थना असते. सगळ्या एका कॉलवर येतात, एकीने बोलायचं, बाकीच्यांनी आपापला आवाज बंद ठेवायचा. मावशींचं हे बटण कायम उलटं असतं. त्यांची पाळी आली की शांतता, आणि दुसरी कुणी डोळे मिटून प्रार्थना करत असली की मध्येच मावशींचा दूधवाला, मावशींची शिट्टी, मावशींची "आज पातळ का रे?" ही चौकशी. शुक्रवारी प्रार्थना संपली, सगळ्या आमेन म्हणून गेल्या. मी कॉल बंद करायचा विसरून, फोन टेबलावर ठेवून ऑफिसच्या कॅबसाठी आयडी कार्ड शोधत होते. तेवढ्यात मावशींचा आवाज आला. त्यांना वाटत होतं, बटण बंद आहे.

"आणि प्रभू, तो आपला स्कूटरवाला. तुला रोज सांगते, रागावू नकोस. मला ठाऊक आहे, पेपर गोळा झालाय. पण तो दारापाशीच बसला असेल बघ. लाजरा आहे. आपणहून आत यायचा नाही. तू हाक मार त्याला. एकदा नाही आला तर परत मार. आमेन." मग नाक ओढल्याचा आवाज, आणि मग भांडी.

मी आयडी कार्ड हातात धरून उभी राहिले. वाटलं होतं की राग विरघळेल. नाही विरघळला, उलट वाढला. म्हणजे वर्षभर ही बाई गोळा झालेल्या पेपरला रोज पहाटे पुरवणी जोडत होती, आणि दिवसा माझ्या आईला एक ओळ लिहू देत नव्हती! जे तिने चोरून मागितलं ते मम्मीने उघड मागितलं असतं तर काय बिघडणार होतं? त्या वेळी समोरचं दार वाजवून हे सगळं विचारावं असं फार वाटलं. खाली कॅबचा हॉर्न वाजला, मी गेले.

रविवारी हॉलच्या कोपऱ्यात पाण्याची काळी टाकी मांडली होती, वरून कापलेली. मावशींनी बाळाच्या आंघोळीचं पाणी बघावं तसं कोपर बुडवून पाणी बघितलं आणि "गार आहे, आणखी एक बादली ऊन घाला" असं मंडळीच्या पाळकांना, म्हणजे पास्टरांना, फर्मावलं. मागच्या वेळी एका उंच मुलाचा गुडघा पाण्याबाहेर राहिला म्हणून त्यांनी त्याला परत बुडवायला लावलं होतं, त्यामुळे पाळक आधीच धास्तावलेले. मी पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये उभी राहिले. मावशींनी प्रश्न सुरू केले. मी होय म्हणत गेले, आणि मनापासून म्हणत गेले. मग शेवटचा प्रश्न आला.

मी "नाही" म्हणाले. ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

"मोठ्याने," मावशी म्हणाल्या. "मागच्या बाकापर्यंत जायला हवं."

मागच्या खुर्चीवर मम्मी बसली होती. खिडकीतून बदामाचं झाड दिसत होतं, आणि त्याखाली आता दुसऱ्याच कुणाचीतरी स्कूटर होती.

नंतर काय झालं ते आधीच सांगते. माझं उत्तर ऐकून पाळकांनी मावशींकडे बघितलं. मावशी कोपर पुसत म्हणाल्या, "ऐकलं मी. घ्या तिला, पाणी गार होतंय." उत्तर बरोबर की चूक, हे त्यांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही. वर्ग अजून घेतात. शेवटचं कलम आलं की म्हणे त्यांना कुकर बघायला उठावं लागतं. माझा राग गेला असं नाही. पण मम्मी आता चप्पल नीट करायचं नाटक करत नाही, नुसती झाडाखाली उभी राहते, आणि शेजारी मावशीही उभ्या राहतात, चहाचा कप घेऊन.

त्या दिवशी मी मागच्या खुर्चीपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले होते, "नाही, मावशी. माझे पप्पा आत गेले असतील. रोज पहाटे कुणीतरी प्रभूला त्यांना हाक मारायला लावतंय."