मेड्युसाकाकू

चहा उकळतोय तोवर सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळेल आणि तो तिखटमीठ लावून सांगेल. तशी या फजितीला तिखटमिठाची गरजच नाही म्हणा!

तुम्हाला माहीतच आहे, मी ब्लाऊज शिवते. सक्करदऱ्याला घराच्या पुढच्या खोलीतच माझं दुकान. मशीन चालू असली की बाहेरून बँडसकट वरात गेली तरी मला पत्ता लागत नाही. त्या दिवशी मशीन चालू होती, समोर गिऱ्हाईक खुर्चीत ठाण मांडून बसलेलं, आणि प्राचीचा फोन आला. प्राची म्हणजे माझी भाची, उमरेडच्या बहिणीची पोरगी. तिचे वडील अजूनही हातमागावर विणतात, आणि पोरगी इथं नागपूरला फॅशन डिझाईनच्या शेवटच्या वर्षाला.

फोन खांद्यानं कानाशी दाबला आणि पाय सुरूच.

"मावशी, कॉलेजच्या फायनल शोसाठी मी मेड्युसा घेतली!"

आता ही मेड्युसा म्हणजे ग्रीक लोकांच्या पुराणातली राक्षसीण. डोक्यावर केसांच्या जागी साप, आणि तिच्याकडे जो पाहील तो जागच्या जागी दगड! हे सगळं मला आज माहीत आहे हो. त्या दिवशी मशीनच्या खडखडाटात मला काय ऐकू आलं?

"मंजूषा घेतली."

मंजूषा ही माझी धाकटी जाऊ. आणि आमच्या दोघींचं चार वर्षांपासून बोलणं बंद!

कारण? ब्लाऊज. सावनेरला पुतण्याचं लग्न होतं. तिचा ब्लाऊज मी शिवला होता. मंगलाष्टकं सुरू झाली, बाईनं अक्षता टाकायला हात वर केला आणि पाठीवर टर्रर्र! मे महिना, नागपूरकडचं ऊन, आणि ही दिवसभर अंगावर शाल घेऊन बसलेली. लग्नाच्या प्रत्येक फोटोत असं वाटतं की नवरा-नवरीला सोडून तिचाच सत्कार चालला आहे. चारचौघांत ती म्हणाली, "ताईनं मुद्दाम तंग शिवला." मी म्हटलं, "तंग नाही शिवला, तूच फुगली!" झालं. तिथून जे तोंड फिरलं ते फिरलंच.

तर फोनवर प्राची सांगते आहे, "तिचे केस म्हंजे नुसते साप, वळवळून राहिले! अन नजर अशी का पाह्यलं का माणूस गोटा!"

तुम्ही आमच्या मंजूषाला पाहिलं नाही. दाट, कुरळे, कुठल्याच तेलाला दाद न देणारे केस. आणि तिनं नुसतं पाहिलं की माझे दीर तोंडातला घास चावायचे थांबतात. मला कशाला शंका येईल?

"खरं आहे वं, खरं आहे!" मी खूश.

"तुले मालूम आहे तिची गोष्ट?"

"मले मालूम नसन तं कोणाले असन? चार वर्षं भोगून राहिली मी!"

प्राची खो खो हसली. मला मात्र एक खटकलं. पोरगी सरळ एकेरी नाव घेते आहे!

"अन काय वं, मोठ्या बाईले असं नुसतं नावानं बोलावते? काकू म्हण."

"कोणाले? तिले काकू म्हणू?"

"हाव! काकूच म्हणाचं."

"मेड्युसाकाकू!" प्राची किंचाळलीच. "मावशी, भल्लं भारी सुचलं वं तुले! हेच नाव देते मी!"

मला ऐकू आलं "मंजूषाकाकू". आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. नेमका तेव्हाच माझा दोरा तुटला आणि मशीन थांबली. त्यामुळे पुढचं मला स्वच्छ ऐकू आलं. ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं.

"पण मावशी, तिची काय चूक होती सांग? चांगली साजरी बाई होती. ज्यानं तिचं वाईट केलं तो सुटला, अन शिक्षा कोणाले? हिलेच. सगळे हिलेच वाईट म्हणून राहिले. म्हणून मी ठरवलं, मी हिले मानानं उभी करीन."

माझा हात सुईवरच राहिला.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. त्या ब्लाऊजचं खरं मी आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. शिवताना आतल्या बाजूनं जे जास्तीचं कापड सोडतात ना, पुढं उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला आम्ही माया म्हणतो. मंजूषाच्या ब्लाऊजला मी माया ठेवलीच नव्हती. तिचं कापड होतं मोरपंखी, जरीचं, डोळ्यात भरणारं. त्यातली एक पट्टी मी काढली आणि माझ्या स्वतःच्या ब्लाऊजच्या गळ्याला लावली. आणि तोच ब्लाऊज घालून त्याच लग्नात मिरवले! ज्यानं वाईट केलं तो सुटला म्हणे. सुटलेली बाई इथं मशीनवर बसली होती.

दोन रात्री नीट झोप नाही. तिसऱ्या दिवशी उठले आणि थेट मानेवाड्याला मंजूषाचं दार वाजवलं.

दार उघडलं. तिनं पाहिलं. मी जिथल्या तिथं.

"ताई? तुम्ही?" तिचा चेहरा उतरला. "कोणी गेलं काय?"

पाहा, चार वर्षांनी जाऊ दारात आली तर माणसाला आधी मयतच आठवते!

"कोणी नाही गेलं वं. प्राचीच्या कॉलेजात कार्यक्रम आहे. तुह्यावर आहे."

"माह्यावर? काहून?"

"म्हणते, लोकायनं तिले वाईट ठरवलं, पण तिची काहीच चूक नव्हती. म्हणते, मी तिले मानानं उभी करीन."

मंजूषा मटकन सोफ्यावर बसली. डोळ्यांना पदर लावला. "त्या एवढ्याशा पोरीले समजलं, ताई. घरच्यायले नाही समजलं."

मी पट्टीचं सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण तेवढ्यात ती चहा ठेवायला उठली, आणि माझी हिंमत तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली ती परत आली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मंजूषा आली ती पैठणी नेसून, पार्लरमधून केस सरळ करून. सोबत काटोलहून खास बोलावलेली तिची आई, आणि आईच्या मांडीवर प्राचीला द्यायला संत्र्यांची भलीमोठी पिशवी. आम्ही पहिल्या रांगेत. मंजूषा दर पाच मिनिटांनी विचारते, "ताई, मले स्टेजवर बोलवतीन काय? काय बोलू?" आणि मी सांगते आहे, "दोन शब्द बोल मनातले!"

दिवे गेले. पडद्यावर मोठ्ठी अक्षरं आली: मेड्युसाकाकू.

मंजूषा माझ्या कानाशी वाकली. "ताई, माह्यं नाव चुकवलं वाट्टे."

"छापणाऱ्यानं घोळ केला असन," मी म्हटलं. बघा माझा आत्मविश्वास!

मग निवेदिका बोलायला लागली. मेड्युसा, ग्रीक पुराणातली राक्षसीण. केसांच्या जागी साप. एका वीरानं तिचं मुंडकं कापलं आणि ते एका देवीच्या ढालीवर लागलं. आज तेच तोंड जगभर दागिन्यांवर, पर्सवर, कपड्यांवर झळकतं...

मंजूषाची आई घाबरून म्हणाली, "अवं मंजू, तुहं मुंडकं कापून राहिले ना हे!"

मी पडद्यावरची अक्षरं पुन्हा वाचली. मेड्युसा. म्हणजे मंजूषा नाहीच! म्हणजे साप खरे साप! म्हणजे मी...

एवढ्यात ती आली. उमरेडच्या मागावरच्या कापडाचा पायघोळ झगा. आपल्या करवती काठाचे ते करवतीसारखे दाते एकावर एक असे बसवलेले की अंगभर खवले वाटावे. डोक्यावर रेशमी कापडाचे फुगवलेले वीसेक साप, आणि त्यांच्यात माळलेला मोगऱ्याचा गजरा! कपाळावर ठसठशीत कुंकू. ती मॉडेल संथ चालत आली, नेमकी आमच्यासमोर थांबली आणि मंजूषाच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिली.

"ही मेड्युसा कोणाला घाबरवत नाही," निवेदिका म्हणाली, "ती फक्त नजर खाली करत नाही."

टाळ्या! शिट्ट्या! सगळा हॉल उभा. आणि मंजूषानं हळूच मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

तुम्हाला सांगते, माणूस दगड होतो. मी झाले आहे.

पहिलं बक्षीस प्राचीलाच मिळालं. बाहेर पॅसेजमध्ये मी घाम पुसत मंजूषाला सगळं सांगितलं. मशीन, दोरा, मेड्युसा, मंजूषा. "ऐकण्यात चूक झाली वं! मले वाटलं ती तुह्याबद्दलच बोलून राहिली."

मंजूषानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग एकेक बोट दुमडत म्हणाली,

"म्हंजे ताई, डोक्यावर साप. नजरेनं माणूस गोटा. सगळे वाईट म्हणतात. एवढं ऐकून तुम्हाले येक डावही नाही वाटलं का ही दुसरी कोणी असन?"

काय उत्तर देता? सांगा ना, तुम्ही काय दिलं असतं?

मी खरं तेच बोलले. "साप अन गोटा ऐकून मले मजाच आली, मंजू. पण प्राची तिच्यावर अन्याय झाला म्हणली, तवा तूच आठवली." आणि त्या दमात पट्टीचंही सांगून टाकलं. मोरपंखी कापड, माझा गळा, न ठेवलेली माया, सगळं.

 तिची आई तेवढ्यात एक संत्रं सोलून खायला लागली होती.

"मले मालूम होतं," मंजूषा म्हणाली.

"काय?"

"ताई, मी शाल घेऊन दिवसभर तुमच्यासमोरच बसली होती. तुमच्या गळ्याले माह्यंच कापड दिसून राहिलं होतं. मी वाट पाहून राहिली, का आज सांगतीन, उद्या सांगतीन. चार वर्षं झाले!"

आणि मग ती जी हसली! भिंतीला हात टेकवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रडत होती का हसत होती ते मला अजूनही नक्की सांगता येत नाही. माझंही तेच झालं. प्राची बक्षीस घेऊन आली तर आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात. तिला वाटलं, आपल्या कलेचा केवढा हा परिणाम! आम्हीही तिचा तो समज मोडला नाही.

मंजूषानं तिथंच तो सापांचा टोप डोक्यावर चढवून फोटो काढून घेतला. आता घरच्या ग्रुपवर तिचा फोटो तोच, आणि सगळे तिला कौतुकानं मेड्युसाकाकू म्हणतात.

आणि मला? मला म्हणतात बहिरीकाकू! ग्रुपवरून ते नाव गल्लीत उतरलं. परवा एक नवीन बाई दारात येऊन केव्हाची विचारत होती म्हणे, "बहिरीकाकूचं दुकान हेच काय?"

मी मशीनवरून मान वर केली आणि म्हटलं, "कैरीकाकू? त्या नाही राहत वं इथं. पुढच्या गल्लीत पाह्य!"