गावची खाट नंबर एक

एक्स-रेच्या जुन्या फिल्म भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? ठाण्यात, बाळकुमच्या अंगाला आमचं हॉस्पिटल. तिथल्या एक्स-रे विभागात मी पंचवीस वर्षं काढली. माझ्याच डोक्याचा एक्स-रे काढला तर मेंदू दिसायचा नाही, नुसते किस्से दिसतील! आमच्या कुंदा सिस्टर म्हणतात, "तुमचं निम्मं खोटं असतं." असेल बुवा. निम्मं वजा करा. उरलेल्यानंसुद्धा टाळकं सरकतं की नाही ते बघा.

*

आज आठ मजले आणि काचेची भिंत दिसते ना, तिथे आधी भातशेती होती. गावातल्या नामादादांच्या वडिलांची. दवाखान्याला जागा दिली त्यांनी, ती एकाच अटीवर. गावातल्या माणसासाठी एक खाट कायम राखून ठेवायची. दवाखाना दहा खाटांचा. खिडकीजवळची पहिली खाट गावची. उशाच्या लोखंडी पट्टीवर पांढऱ्या रंगात हा एवढा मोठा १!

मी नोकरीला लागलेलो तेव्हा ती खाट होती. कुंदा सिस्टर नव्या होत्या. एका गर्दीच्या दिवशी त्यांनी एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याला त्या खाटेवर झोपवलं. त्याला झालेलं काय, तर उचकी!

जुन्या मेट्रन राउंडला आल्या. "ह्यांचं गाव कुठलं?"

"कल्याण," मेव्हणा ऐटीत म्हणाला.

"मग स्टुलावर उचक्या द्या!"

आणि दिल्या त्यानं. स्टुलावर बसून, तासभर!

*

मग आम्ही वाढलो. दवाखान्याचं हॉस्पिटल झालं, हॉस्पिटलला कॉलेज चिकटलं, कॉलेजचं विद्यापीठ झालं. दर वेळी नवी पाटी, नवी फीत, फीत कापायला नवी कात्री. ऑपरेशनच्या कात्र्या मात्र त्याच!

विद्यापीठाची पाटी लागली त्या दिवशी शहाडची एक बाई मोडकं मनगट ओढणीत बांधून आली. गेटवरचा सिक्युरिटी म्हणाला, "ओपीडी गेट नंबर चार." चार नंबरला कुलूप, कारण तिथे पाहुण्यांच्या जेवणाचा मांडव. परत एक नंबरला आली. त्यानं परत चारला पाठवलं. तिसऱ्या फेरीला बाईनं मान वर करून ती पाटी वाचली आणि त्याला विचारलं, "भाऊ, हात जोडायला आधी ॲडमिशन घ्यावं लागतं का रे इथे?"

तिला मी मांडवातून, बुफेच्या टेबलाखालून आत आणली. हसू नका. खरंच टेबलाखालून!

*

कॉलेज चालवायचं तर इन्स्पेक्शन येतं. इन्स्पेक्टर खाटा मोजतात, खाटांवरची माणसं मोजतात. आमच्याकडे आठ मजले भरतील एवढ्या दोन्ही गोष्टी कुठे? मग तिसऱ्या मजल्याची मोजणी झाली की साहेबांना चहा. चहा होईस्तोवर तिसरा मजला लिफ्टनं पाचव्यावर! खाटा, पेशंट, सलाइन, सगळं.

शीळफाट्याचा एक रिक्षावाला होता, पाय वजनाला टांगलेला. तो तिसऱ्यावर मोजला गेला, पाचव्यावर मोजला गेला, सातव्यावर तोंडावर मास्क लावून परत मोजला गेला! त्याची बायको डबा घेऊन दुपारभर मजले चढतेय आणि उतरतेय. नवरा काही सापडेना.

संध्याकाळी डीन साहेब खुशीत राउंडला आले. "काय, कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय साहेब. फक्त एक सांगा, डिस्चार्ज तीनदा घ्यायचा ना?"

असल्याच एका पळापळीत कधीतरी ती गावची खाटही लिफ्टमध्ये चढली. कुठल्या मजल्यावर उतरली ते कोणालाच माहीत नाही.

*

आता नामादादा. वय पंच्याहत्तरच्या पुढे, दोन पावलं टाकली की दम लागायचा. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, ॲडमिट करा. दादा काउंटरवर गेले.

"मना खाट नंबर एक दे."

क्लार्कनं कॉम्प्युटर बडवला. "आजोबा, आमचे नंबर एकशे एकपासून सुरू होतात. असा बेड सिस्टममध्ये नाहीच."

"तुजी सिस्टम कुनाचे जागंवर उबी हाय रं?"

क्लार्कनं परत कॉम्प्युटर बडवला. पण बेड नाहीच! "वेटिंग आहे. उद्या या." उद्या गेले. "परवा या." आणि पाचव्या मजल्यावरचे अर्धे डिलक्स बेड कुणा बड्या माणसाला लागलेच तर, म्हणून पांघरूण घालून रिकामे!

मी डीन साहेबांकडे गेलेलो. दादांच्या घरचा तो अटीचा जुना कागद टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला, घडी घातली, परत दिला. "भावना समजतात हो. पण तेव्हा आपण दवाखाना होतो. आता विद्यापीठ आहोत."

म्हणजे मोठं झाल्यावर बापाची अट पाळायची नसते! हेच शिकवतात वाटतं विद्यापीठात.

मी खाट शोधायला लागलो. गोडाउन, गच्ची, कॅन्टीनमागचा भंगाराचा ढीग. शवागारसुद्धा बघितलं. नाही म्हणजे नाही.

*

खाट सापडली ती संस्थेच्या वर्धापनदिनाला. दर्शनी हॉलमध्ये 'आमची वाटचाल' नावाचं प्रदर्शन. मधोमध आमची खाट! नवा रंग, पांढरीशुभ्र चादर, भोवती मखमली दोर, पुढे एक पाटी. उशाच्या पट्टीवरचा तो १ तेवढा तसाच ठेवलेला.

त्या सकाळी दादांच्या छातीचा एक्स-रे होता. त्यांना व्हीलचेअरवरून मीच नेत होतो. हॉलमध्ये त्यांनी हात वर केला. "थांबीव."

थांबलो. दादा उठले, दोर उचलला, चपला खाली नीट लावल्या आणि खाटेवर आडवे झाले.

डीन साहेब पुष्पगुच्छासकट धावत आले. "अहो आजोबा, उठा! ही बसायची खाट नाही!"

"ठाव हाय. निजायची हाय."

बाहेर पाहुण्यांची गाडी लागली. साहेबांना घाम फुटला. "सिस्टर, ह्यांना ताबडतोब वॉर्डात हलवा!"

कुंदा सिस्टर ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत येतच होत्या. "हलवते सर. कुठल्या बेडवर?"

साहेबांनी क्लार्ककडे बघितलं. क्लार्क छताकडे बघायला लागला. सिस्टरनी दादांच्या नाकाला नळी लावली, फाइल उघडली आणि बेड नंबरच्या चौकटीत ठसठशीत १ लिहिला.

पाहुणे दारात आलेले. साहेबांनी दोन वॉर्डबॉयना खूण केली. ते दोर ओलांडून पुढे आले.

दादांनी मला विचारलं, "त्या पाटीवर काय लिवलंय रं?"

मी मोठ्यानं वाचलं, "संस्थेची पहिली खाट. कृपया हात लावू नये."

दादांनी चादर गळ्यापर्यंत ओढली आणि साहेबांकडे बघून म्हणाले, "आयकलास ना?"