कानामागची लाल पट्टी

चार वर्षांपूर्वी घरचं पाळलेलं कासव मी तळ्यात सोडलं. आणलं तेव्हा रुपयाएवढं होतं, सोडताना मोजलं तर सात इंच भरलं. जीव मोकळा केला, असं शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकाने सांगितलंही.

गेल्या रविवारी शेजारच्या वहिनी त्यांचं कासव बादलीत घेऊन निघाल्या, म्हणून सोबत गेलो. काठच्या दगडांवर कासवं ऊन खात होती. सवयीने मोजली. चौदा होती. त्यांतल्या तेरांच्या कानामागे लाल पट्टी होती, आमच्या कासवाला होती तशीच.

जाळं आवरणारा म्हातारा म्हणाला, "ही बाहेरची हायत. खाणं खात्यात, बसायची जागा बी अडवत्यात. आमची काळी कासवं लई हुती, आता त्येवढं एकच दिसतंय. कोण आणून सोडतंय की!"

तेवढ्यात वहिनींनी बादली कलती केली.

"थांबा, सोडू नका!" मी ओरडलो.

"अहो, तुमचंच ऐकून आणलंय की!"

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. मी बादली उचलून घरी आणली. ही कासवं तीस वर्षंही जगतात म्हणे. मी बावन्नचा आहे.