बकरीनं खाल्लेली तहसील

कुंडमच्या सरकारी शाळेत सुनेत्रा मॅडम एकवीस वर्षं भूगोल शिकवत होत्या आणि त्यांचा एक नियम साऱ्या शाळेला पाठ होता. नकाशात रंग सीमेबाहेर गेला की अर्धा गुण कटला. रडा, भेका, मॅडमचं लाल पेन हलायचं नाही.

घर जबलपुरात, अधारतालला. नोकरी डोंगरात. रोज सकाळची बस, संध्याकाळची बस. नवरा नीलकंठ कारखान्यातून निवृत्त झालेला. तो दरवर्षी बदलीचा अर्ज सुरेख अक्षरात लिहून ठेवी आणि मॅडम त्यात पोळ्या बांधून नेत.

"काहून जीव काढून राहिली त्या जंगलात? शहरात शाळा नाहीत काय?"

"आहेत ना. पण तिथल्या पोरांना कुटकी दाखवायला बस करावी लागते. आमची पोरं ती पेरून शाळेत येतात!"

मॅडमच्या मनात एक गोष्ट मात्र सलत होती. जिल्ह्याच्या शालेय प्रदर्शनात कुंडमला कधीच नंबर नव्हता. एका परीक्षकानं तर विचारलं होतं, "उधर है ही क्या, मॅडम? जंगल ही ना?" यंदा निवृत्तीचं वर्ष. नंबर आणायचा म्हणजे आणायचाच, असं त्या विनताला, म्हणजे शाळेतल्या दुसऱ्या बाईंना, दहादा सांगून चुकल्या होत्या.

मुलींनी दोन महिने खपून एका फळीवर कुंडम तहसिलीचा नकाशा केला, मातीचे डोंगर उभे केले, हिरण नदी काढली. विनता म्हणाली, पिकं रंगानं दाखवू. मॅडमनी ऐकलं नाही. मैद्याची खळ शिजवून त्यांनी उतारांवर खरी कुटकी, ते वरईसारखं बारीक डोंगरी धान्य, चिकटवली, सपाटीला धान, जंगलात मोहफुलं, चारोळी, हिरडे. पूर्वेला शेजारच्या दिंडोरी जिल्ह्याची सीमा लाल लोकरीची. तिच्यापलीकडे चार बोटं कोरी पांढरी पट्टी. नियम म्हणजे नियम.

प्रदर्शन जबलपुरात, म्हणून आदल्या रात्री मॅडम कुंडमलाच राहिल्या. पहाटे फळी जबलपूरच्या बसमध्ये चढली आणि मॅडमशेजारी भानुमतीबाई चढल्या. एका हातात कुटकीची पिशवी, दुसऱ्या हातात बकरी. लेक बाळंत झाली होती, तिच्याकडे दोन्ही पोचवायचं होतं. गप्पा रंगल्या. मॅडमना खाली बघायचं सुचलं तेव्हा बकरीनं तहसिलीची पूर्व बाजू खळीसकट फस्त केली होती आणि ती निवांत मोहफुलांकडे वळत होती.

मॅडमना रडूच फुटलं. दोन महिन्यांचे कष्ट, शेवटचं वर्ष, सगळं त्या बकरीच्या पोटात.

"रोओ मत दीदी," भानुमतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीची गाठ सोडली.

खळीचा डबा सोबत होताच. मग काय, अख्खी बस कामाला लागली. मागच्या बाकावरून मोहफुलं आली, कोणी धान दिलं. शिवाय जो तो चुका काढू लागला. इथे धान कुठलं मॅडम, इथे दगड आहेत. कंडक्टर योगेंद्र तिकिटं सोडून टेकड्या दाबून बसवत होता. एकवीस वर्षं बसच्या खिडकीतून पाहिलेला मुलूख मॅडमना त्या सकाळी नीट कळला.

शेवटी भानुमतीबाईंनी मूठभर कुटकी लोकरीपलीकडच्या पांढऱ्या पट्टीवर चिकटवली.

"अहो, ते बाहर आहे! दूसरा जिला!" मॅडम किंचाळल्याच.

"मेरा मायका है दीदी. ये कुटकी वहीं की तो है. कुंडम के हाट में आधा माल उधर से ही आता है."

अधारताल आलं, भानुमतीबाई बकरीसह उतरून गेल्या. कुटकी खरवडायला वेळच उरला नाही.

परीक्षक फळीपुढे बराच वेळ थांबले. खूश दिसले. मग त्यांचं बोट लाल लोकरीपलीकडे गेलं. "बहुत बढ़िया, मॅडम. बस ये सीमा के बाहर का हटा दीजिए, नहीं तो नंबर कटेगा."

नियम तर मॅडमचाच होता. त्यांनी नखानं दोन दाणे उचललेही. आणि त्यांना वरूडची संत्री आठवली. त्यांचं स्वतःचं माहेर राज्याच्या सीमेपलीकडचं, महाराष्ट्रातलं. दर हिवाळ्यात भाऊ पेटी पाठवी आणि ती फोडताना त्या नीलकंठला म्हणत, आमच्याकडची आहेत.

त्यांनी दाणे पुन्हा जागेवर दाबले. "नहीं सर. हाट इसी से भरता है. रहने दीजिए."

नंबर आला नाही. नीलकंठ म्हणाला, "अच्छा, एक मूठ कुटकीसाठी?" मॅडम म्हणाल्या, "हो," आणि त्या संध्याकाळी मुगाची खिचडी दुप्पट जेवल्या.

फळी परत वर्गात टांगली गेली. पुढच्या हाटाच्या दिवशी भानुमतीबाई शाळेत आल्या, सोबत माहेरची बहीण आणि वहिनी. मॅडम काही सांगणार, तोच भानुमतीबाईंचं बोट सगळे डोंगर ओलांडून लाल लोकरीपलीकडे जाऊन टेकलं.

"देख," त्या बहिणीला म्हणाल्या, "मॅडम ने अपना गाँव रख लिया."