सासऱ्यांच्या बंदुकीचा चिकट दस्ता

प्लॅस्टिक कधी खराब होत नाही असं जे सांगतात ना, त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या बंदुकीचा दस्ता एकदा हातात धरून बघावा. बंदूक शिकारीची, दस्ता काळ्या प्लॅस्टिकचा. पावसात पकड सुटू नये म्हणून कारखान्यात त्याच्यावर रबरासारखा एक मऊ थर चढवलेला. वीसेक वर्षांनी तो थर पाझरायला लागतो. हात लावला की बोटं चिकटतात, सोडवली की काळी होतात. फणस कापताना होतं तसं, फक्त शेवटी गरे मिळत नाहीत.

सासरे डच. इथे नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकटे राहतात. जन्मभर शिकार केली, मुख्यतः मक्याच्या शेतात शिरणाऱ्या रानडुकरांची. ऐंशी पूर्ण झाली की परवाना परत करायचा हे त्यांनी ठरवलं होतं. त्याआधी येत्या शनिवारी जुने मित्र त्यांना शेवटचं रानात नेणार होते. जायचं तर स्वतःच्याच बंदुकीनं, आणि ती ही अशी. नवा दस्ता मिळेना, कारण ते मॉडेल कधीच बंद झालं होतं.

"मी करून देते," मी म्हणाले. मी रंगांच्या प्रयोगशाळेत काम करते, प्लॅस्टिकवर रंग कसा बसवायचा हेच माझं पोटापाण्याचं. ते म्हणाले, "नको, गरज नाही."

मी कोल्हापूरची. आमच्याकडे पहिला नको कोणी मनावर घेतं का? पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला तर आम्ही बोटांच्या फटीतून वाढतो. मी पुन्हा म्हटलं, ते पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा खांदे उडवून आत गेले आणि दस्ता घेऊन आले. नळी आणि बाकीचं लोखंड कायद्याप्रमाणे त्यांच्या तिजोरीत राहिलं. नवरा घरी येताना म्हणाला, "बाबा नको म्हणत होते ना?" मी म्हटलं, "तुला कळत नाही, गप्प बस."

मग माझे हाल सुरू झाले. स्पिरिटमध्ये चिंध्या भिजवून घासायला बसले, तर तो थर निघण्याऐवजी पसरायला लागला. चिंधी चिकटली, हातमोजा चिकटला, मांडीवर घेतलेला पेपर चिकटून त्याची अक्षरं दस्त्यावर उमटली. पकडीच्या जागी बारीक खाचा असतात, त्यातला चिकटा टूथब्रशनं कोरून काढताना नाकी नऊ आले. प्रयोगशाळेत मी हेच काम पांढरा कोट घालून ऐटीत करते. इथे शेडमध्ये उकिडवी बसून स्वतःलाच शिव्या घालत होते.

थर निघाला, पॉलिश पेपर मारला, प्लॅस्टिकचा प्रायमर बसला. आता रंग. तर हवा अशी दमट की रंग वाळायचं नाव घेईना. वैताग वैताग झाला. शेवटी दस्ता घरात आणला आणि हीटरजवळ, जेवणाच्या टेबलावर दोन वाट्यांवर आडवा ठेवला.

सासरे रोज संध्याकाळी सायकलवरून यायचे, कॉफी प्यायचे, दस्त्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "नाही जमलं तर नाही जमलं." हे ऐकून माझं डोकं फिरायचं. अहो, एक माणूस तुमच्यासाठी राबतोय, त्याला जरा हुरूप द्यावा की नाही!

शुक्रवारी कामावर जाताना मी आईला बजावून गेले की टेबलावरच्या वस्तूला हात लावू नकोस. आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. रंगाचा शेवटचा हात सकाळीच दिला होता, उद्यापर्यंत वाळला असता. हुबेहूब कारखान्यातून आल्यासारखा मॅट काळा. खरं सांगते, मी खूश होते.

परत आले तर दस्त्यावर हळदकुंकू. बोटांनी ओढलेलं, वर अक्षता, वर बागेतली झेंडूची फुलं, आणि समोर निरांजन. अक्षता रंगात रुतून बसल्या होत्या.

"आई, हे काय केलंस?"

"अगं, आज खंडेनवमी. घरात शस्त्र आहे आणि त्याची पूजा नाही करायची? व्याही उद्या ते घेऊन रानात जायचेत. हात कुठे लावला, वरच्यावर वाहिलं."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. आई फुलं उचलायला गेली तर पाकळ्यासुद्धा चिकटलेल्या. मला रडू आलं, संतापाचं. एका म्हाताऱ्या माणसाची शेवटची शिकार, आणि ती माझ्या घरात, माझ्या टेबलावर बुडाली. तेवढ्यात बेल वाजली. सासरे आले होते.

त्यांनी दस्ता बघितला. मी घाईघाईनं सांगितलं, की आत्ता खरवडते, नवा हात देते, केसांच्या ड्रायरनं वाळवते, सकाळी तयार मिळेल. ते "नको" म्हणाले. मी म्हटलं, "असं कसं, मी करतेच." ते खुर्ची ओढून बसले.

"मी नको म्हणतो ते खरंच नको असतं," ते म्हणाले. "मला आता लांबचं नीट दिसत नाही. मागच्या खेपेला मी एका डुकरावर नेम धरला होता. चापावर बोट होतं. ते भुंकलं म्हणून वाचलं. मित्राचा कुत्रा होता."

मी निरांजन बाजूला सरकवलं आणि त्यांच्यासमोर बसले.

"कोणाला सांगितलं नाही. लाज वाटते. दस्ता चिकट झाला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, आपोआप सुटका झाली म्हणून. मग तू आलीस."

आई हळूच विचारत होती, काय म्हणतायत, रागावलेत का? मी मानेनंच नाही म्हटलं. मला स्वतःचा एवढा राग आला होता की आईवरचा निघूनच गेला.

"तू फोन करशील माझ्या मित्रांना?" सासऱ्यांनी विचारलं. "सांग की दस्ता बिघडला. तुझ्या हातून बिघडला."

मी फोन लावला आणि सांगितलं की घरी रंगवायला घेतला होता, माझ्या हातून पार वाया गेला, उद्या ते येऊ शकत नाहीत. पलीकडचे आजोबा भडकले. एवढ्या वर्षांची बंदूक, तिला हात लावायला कोणी सांगितलं होतं, आणि म्हणे रंगातली तज्ज्ञ. मी म्हटलं, हो, चुकलंच माझं. ते बराच वेळ बोलत राहिले. सासरे शेजारी बसून सगळं ऐकत होते, आणि मी फोन ठेवेपर्यंत त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.